वरची पातळी

ब्रिनोवाच, १४ ऑक्टोबर २०१६

बोझेनास विलिमचा नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर देण्यास सहा आठवडे लागले, याबद्दल क्षमा असावी. दूरध्वनीची तार मी भिंतीतून काढून ठेवली आहे. नेवेंका गेल्यानंतर जे जे फोन आले त्या सर्वांना मी एकच वाक्य सांगत होतो, आणि एके दिवशी ते वाक्य मलाच ऐकवेनासे झाले.

एक बातमी कळवतो. मुख्याध्यापिका श्रीमती हेचिमोविच सप्टेंबरमध्ये घरी येऊन गेल्या. नेवेंकाच्या जागी नवा ग्रंथपाल नेमण्याची जाहिरात पुढील शरदऋतूपूर्वी निघणार नाही आणि तोपर्यंत शाळेचे ग्रंथालय बंद ठेवावे लागेल, असे त्यांनी सांगितले. "तुम्ही आमच्याकडे तीस वर्षं लॅटिन शिकवलंत, पुस्तकं तुम्हाला नवी नाहीत," असेही त्या म्हणाल्या. मी होकार दिला. घरी बसून करण्यासारखे माझ्यापाशी काहीही उरलेले नाही.

तुझ्या बहिणीविषयी मला किती आदर होता, हे तुला ठाऊक आहे. तरीही तिच्या ग्रंथालयात शिस्त नव्हती, हे सत्य नमूद करणे भाग आहे. खिडकीपाशी दोन आरामखुर्च्या, रेडिएटरवर वाळत घातलेले मुलांचे हातमोजे, लिंडेनच्या फुलांचा चहा करण्याची किटली, आणि मुदत उलटूनही परत न मागितलेली पुस्तके. मी खुर्च्या तळघरात ठेवल्या, पुस्तके क्रमाने लावली आणि दारापाशी एक वही ठेवली. येणाऱ्याने नाव, वेळ आणि सही लिहून आत यावे. शेवटच्या वर्गातील एक वात्रट मुलगा म्हणाला, "सर, तिकीट पण काढायचं का? शो किती वाजता आहे?" मी त्याला तीही वेळ वहीत लिहावयास लावली.

तिच्या टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. त्यात शेवटच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाचे एक कार्ड आहे. मुलांच्या खासगी गोष्टी त्यात असाव्यात असे वाटल्याने मी ती वाचली नाहीत. डब्याला दोरी बांधून तो कपाटात कुलूपबंद केला आहे.

तुझी प्रकृती उत्तम असावी.

विलिम रुकाविना


झाग्रेब, ५ नोव्हेंबर २०१६

भावोजी,

नमस्कार करते आणि लगेच भांडते. तीस वर्षं नात्यात असलेल्या मेहुणीला कुणी आडनावासकट सही करतं का? मी काय शिक्षणखातं आहे?

सर्व संतांच्या दिवशी, मृतांना दिवे लावायला, यायचंच होतं, पण तापाने झोपवलं. थडग्यावर पांढरी शेवंती ठेवलीत ना? पिवळी ताईला आवडत नसे. तुमच्या शेजारच्या येलाचिच बाईंच्या मुलीने फोनवर सांगितलं की तिथे शाळेच्या पोरांनी इतके दिवे लावले होते की तुम्हाला तुमचा दिवा कडेला, गवतात ठेवावा लागला. तुम्ही मला हे लिहिलं नाहीत. का लिहीत नाही?

आणि खुर्च्या कशाला काढल्यात हो! त्या ताईने स्वतः हॉटेलच्या लिलावातून आणल्या होत्या, माझ्याच गाडीच्या टपावरून. त्या खुर्चीत बसल्याशिवाय पोरं खरं बोलत नाहीत, असं ती म्हणायची. वर्गात विचारलं तर सगळ्यांना डॉक्टर व्हायचं असतं. खुर्चीत बसलं की कळतं, एकाला मधमाश्या पाळायच्यात, दुसरीला घरातून पळायचंय.

मी इथे अजून तेच करते, विद्यापीठाच्या कचेरीत खिडकीमागे बसून प्रवेशाचे अर्ज बघते. खिडकीच्या अलीकडून सगळी मुलं सारखीच दिसतात. ताईकडून येणारी मात्र ओळखू यायची. कुठला विषय कुठल्या पातळीचा, सगळं पाठ. असो. जेवता का? नुसतं बटाटे आणि चीजवर राहू नका. फोन लावा भिंतीत.

तुमची बोझेना (आडनाव तुम्हाला माहीत आहे)


ब्रिनोवाच, ३ डिसेंबर २०१६

प्रिय बोझेनास नमस्कार.

शेवंती मी पांढरीच नेली होती. दिव्यांविषयी लिहिले नाही, कारण काय लिहावे हे सुचले नाही.

आता मात्र सांगण्यासारखे काही आहे. गेले तीन आठवडे मी उपयोगी पडत आहे, असे मला प्रथमच वाटते. शेवटच्या वर्गाच्या मुलांना या सत्रात संशोधन-निबंध लिहावा लागतो. उतारा कोठून घेतला हे सांगावे लागते, याचीच त्यांना कल्पना नव्हती. मी त्यांना तळटीप लिहिण्यास शिकवले. आता ती मधल्या सुट्टीतही येतात.

त्यांच्यात मिर्ता दोशेन नावाची एक मुलगी आहे. खिंडीपलीकडच्या वस्तीवरून ती पहाटेच्या बसने येते. आपल्याकडील जुन्या घरांच्या छपरांवर ती निबंध लिहीत आहे. बर्फ घसरून जावे म्हणून ती छपरे किती उतरती ठेवत आणि लाकडी फळ्या कशा एकमेकींवर बसवत, याची तिने स्वतः चित्रे काढली आहेत. चित्र काढताना ती पट्टी वापरत नाही, तरी रेषा सरळ येते. मी तिला तळघरातून शंभर वर्षांपूर्वीचा मोजणीचा एक अहवाल काढून दिला, तेव्हा ती म्हणाली, "सर, यात आमच्या पणजोबांचं घर आहे! जळायच्या आधीचं!" असा आनंद मी वर्गात कधी पाहिला नव्हता.

मुलांना अंतिम परीक्षेच्या नावनोंदणीतही मदत लागते. नोंदणी परवा, एक तारखेला संपली. शेवटच्या आठवड्यात हीच मिर्ता येऊन टेबलापाशी बराच वेळ उभी राहिली आणि तिने विचारले, "सर, गणित वरच्या पातळीचं घेऊ की साध्या?" मी विचारले, "वर्गात तुझे गुण किती?" ती म्हणाली, "पाचापैकी तीन. कधी तीन, कधी घाबरून तीन." मी सांगितले, "मग साधी पातळी घे. ज्यात खात्री आहे तेच माणसाने घ्यावे. प्रमाणपत्र दोहोंचे एकच असते." ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. तिला पुढे काय शिकायचे आहे, हे मी विचारले नाही. नेवेंका अशा गोष्टींत नको तितके लक्ष घालीत असे. मी मर्यादा पाळतो.

हिवाळ्याची थंडी सुरू झाली आहे. जपून राहा.

विलिम


झाग्रेब, ७ डिसेंबर २०१६

भावोजी,

पत्र आत्ताच वाचलं. पाच वेळा फोन केला. तार लावा! हे पत्र आजच्या टपालाने पाठवतेय.

त्या मुलीला काय शिकायचंय ते उद्याच्या उद्या विचारा. पट्टी न घेता सरळ रेषा काढणारी, छपरं मोजणारी पोर! भावोजी, ती वास्तुकलेला जाणार असेल तर गणित वरच्याच पातळीचं लागतं. साध्या पातळीचं घेऊन पहिला नंबर आणला तरी संगणक तिचं नाव पुढे सरकवतच नाही. माझ्या खिडकीपर्यंत अर्ज येतही नाही. तुमच्या काळी हे नव्हतं. पण आता आहे.

नोंदणी संपली असली तरी उशिराच्या अर्जाची सोय असते, सबळ कारण असेल तर. आजारपण, घरातला मृत्यू, असलं काहीतरी कागदासकट. अर्जावर मुख्याध्यापिकेची सही लागते. दवाखान्यातून त्या आठवड्याचा दाखला मिळवा. "मेहुणी खोटं करायला शिकवते" म्हणून रागावू नका, नंतर रागवा. आधी दाखला.

बो.


ब्रिनोवाच, १९ डिसेंबर २०१६

प्रिय बोझेना,

तुझे पत्र दहा तारखेला मिळाले. त्या दिवशी शनिवार होता. शाळेची किल्ली माझ्याजवळ असल्याने मी ग्रंथालयात गेलो, कपाट उघडले आणि डब्याची दोरी सोडली.

तिचे कार्ड सापडले. नेवेंकाने मे महिन्यात लिहिले होते: "दोशेन मिर्ता. वास्तुकला. गणित वरची पातळी हवी. भिते. भिऊ देऊ नये. नोव्हेंबरात बाहीला धरून बसवणे, नोंदणी समोर करून घेणे." शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा आहेत. हा डबा सप्टेंबरपासून माझ्या खुर्चीपासून चार पावलांवर होता.

सोमवारी मी मिर्ताला सर्व सांगितले. काहीही लपवले नाही. ती मलाच समजावू लागली. "सर, तुमची चूक नाही. मीच वाचायला पाहिजे होतं." मी विचारले, "मग तू मला विचारावयास का आलीस?" ती म्हणाली, "बाईंनी सांगितलं होतं ना, नोव्हेंबरात ग्रंथालयात ये म्हणून. म्हणून आले."

बोझेना, ती सांगितल्याप्रमाणे आली होती.

दाखल्याविषयी तू लिहिलेस. मी आयुष्यात खोट्या कागदावर सही केलेली नाही आणि तुझे पत्र वाचून मला राग आला, हे मान्य करतो. तो राग मी दोन दिवस बाळगला. ते दोन दिवस वाया घालवण्याचा अधिकार मला नव्हता. बुधवारी मी स्वतः मिर्ताच्या मावशीकडे गेलो. ती दवाखान्यात परिचारिका आहे. तिने डॉक्टरांना गळ घालून घशाच्या संसर्गाचा दाखला मिळवला. तो घेऊन आम्ही दोघे मुख्याध्यापिकांकडे गेलो.

श्रीमती हेचिमोविच यांनी दाखला वाचला, मग माझ्याकडे पाहिले. "विलिम सर, या तारखांना ही मुलगी रोज ग्रंथालयात होती. तुमच्याच वहीत तिच्या सह्या आहेत. आल्याची वेळ, गेल्याची वेळ. गेल्या आठवड्यात तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला मी ती वही कौतुकाने दाखवली. त्याने तिची नक्कल नेली."

मी म्हणालो, "मग खरे कारण लिहा. ग्रंथपालाने चुकीचा सल्ला दिला."

त्यांनी छापील यादी माझ्यापुढे केली. आजार, अपघात, निकटच्या नातेवाइकाचा मृत्यू, परदेशातील स्पर्धा. "यात ते कारण कुठे लिहू, सांगा," त्या म्हणाल्या. त्या कठोर बाई नाहीत. त्यांचे डोळे भरून आले होते. मी यादी दोनदा वाचली. मृत्यूच्या ओळीपाशी मी थांबलो. परंतु मृत्यू माझ्या घरात झाला होता, तिच्या घरात नव्हे.

तरीही मी परीक्षा मंडळाला तीन पानी पत्र लिहून सर्व हकीकत कळवली आहे.

विलिम


झाग्रेब, ८ जानेवारी २०१७

भावोजी,

मंडळाचं उत्तर मी इथूनच सांगते, तुम्हाला पुढच्या आठवड्यात येईलच. "आपल्या भावना समजतात." पुढे कलमाचा आकडा. मी स्वतः जाऊन विचारून आले. तिथल्या मुलीने मला कॉफी दिली, बस एवढंच.

ऑगस्टअखेरची दुसरी फेरी असते, तिथे वरची पातळी देता येते. पण वास्तुकलेच्या जागा जुलैतच भरतात, मागे एकही उरत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा सगळं देता येईल. एक वर्ष थांबेल का ती? थांबवा तिला.

आता एक सांगते. तुम्ही स्वतःला किती कोसत असाल ते कळतं मला, म्हणून सांगते. दर नोव्हेंबरात ताईचा फोन यायचा. रोज संध्याकाळी, आठवडाभर. "बोझेना, पशुवैद्यकीला रसायन लागतं का गं यंदा? बोझेना, वास्तुकलेची अट बदलली का?" मी वैतागायचे. म्हणायचे, "ताई, मी काय तुझी पगारी नोकर आहे?" यंदा नोव्हेंबरात फोन वाजला नाही. मी स्वयंपाकघरात बसून रडले, चांगली आठवडाभर. पण एकदाही डोक्यात आलं नाही की फोन वाजत नाही म्हणजे तिकडे पोरांना कुणी काही सांगत नाहीये. तुम्ही तार काढून ठेवली होती. माझी तर लावलेली होती. मी शाळेत फोन करू शकले असते.

खुर्च्या वर आणा भावोजी. निदान तेवढं.

बोझेना


ब्रिनोवाच, २ मे २०१७

प्रिय बोझेना,

मोठा खंड पडला. लिहिण्यासारखे घडत नव्हते असे नाही.

खुर्च्या जानेवारीतच वर आणल्या. दारापाशी ठेवलेली वही बंद केली. डब्यातील प्रत्येक कार्ड वाचले आणि उरलेल्या छत्तीस मुलांची नोंदणी एकेक करून तपासली. सर्वांची बरोबर आहे. चूक एकाच ठिकाणी झाली, आणि बाकीची मुले मला विचारावयास आली नव्हती म्हणून वाचली.

मिर्ता रोज येते. साध्या पातळीचा अभ्यास तिला आता पोरखेळ वाटतो, म्हणून ती पुढील वर्षासाठी वरच्या पातळीची उदाहरणे सोडवते. शुक्रवारी अकरा सोडवली, एकही चुकले नाही. ती घाबरत नव्हती. मला गणित येत नाही; मी समोर बसून केवळ उत्तरे पुस्तकातील उत्तरांशी ताडून पाहतो. रेखाटनाच्या प्रवेशपरीक्षेस मात्र तिला बसता येते. निदान आपला हात किती तयार आहे ते कळेल, असे ती म्हणते.

एक वर्ष थांबण्याविषयी मी तिच्या वडिलांना भेटलो. लाकूड फोडता फोडता ते बोलत होते. "मास्तर, तिचा भाऊ आयर्लंडला आहे. कोंबड्या पॅक करायच्या कारखान्यात. तिच्यासाठी जागा बोलून ठेवलीय त्याने. विद्यापीठात लागली तर जाऊ दे, मी आडवा येणार नाही, शब्द दिलाय. पण वर्षभर इथे बसून काय करणार पोर? बर्फ मोजणार?"

मी म्हणालो, "ती माझ्याकडे राहील. घरात दोन खोल्या रिकाम्या आहेत." बोलल्यावर ते किती विचित्र दिसेल, हे माझ्या लक्षात आले. त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली आणि नम्रपणे म्हणाले, "मास्तर, तुम्ही चांगले आहात. पण लोक आहेत."

विलिम


झाग्रेब, ११ जुलै २०१७

भावोजी,

रेखाटनाचा निकाल बघितला. चारशेतली सतरावी! दोनशे मुलं शिकवणीला जाऊन आलेली, आणि ही छपरं बघून शिकलेली. इथल्या प्राध्यापकांनी तिचा कागद एकमेकांना दाखवला म्हणे. आणि तिच्या नावापुढे संगणकात लाल ओळ: "अट पूर्ण नाही." मी रोज ती ओळ उघडून बघते, बदलते का म्हणून. वेडी झालेय.

आता नीट ऐका. प्रवेशाची पसंतीयादी आठवडाभरात बंद होईल. यादीत दहापर्यंत अभ्यासक्रम लिहिता येतात. दुसऱ्या क्रमांकावर शिक्षिकेचा अभ्यासक्रम टाका, तिथे साधी पातळी चालते, तिचे गुण बघता लागेलच. एकदा विद्यापीठात पाय पडला की बापाचा शब्द पाळला गेला, ती देशात राहील, पुढच्या वर्षी बदलता येईल. तिला हे पटवा. तुमचं ऐकेल ती.

बोझेना


ब्रिनोवाच, २१ जुलै २०१७

प्रिय बोझेना,

तुझे पत्र पोहोचले त्याच दिवशी मी मिर्ताला बोलावून घेतले. तिला खुर्चीत बसवले आणि तू लिहिलेले सर्व वाचून दाखवले. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग ती म्हणाली, "सर, मी शिक्षिकेचं लिहिलं तर जिला खरंच शिक्षिका व्हायचंय अशी एक मुलगी बाहेर राहील ना?" मी म्हणालो, "होय. एक राहील." ती म्हणाली, "तिनेही कुणालातरी विचारलं असेल."

 नेवेंकाला यावर उत्तर सुचले असते. तिने त्या मुलीला बाहीला धरून संगणकापुढे बसवले असते आणि मागाहून ती स्वतः रडली असती. "तू लिहीच," असे म्हणण्याचे माझ्या ओठांवर आले होते. परंतु या मुलीला सल्ला देण्यासाठी मी तोंड उघडतो तेव्हा माझ्या तोंडातून काय निघते, हे मी नोव्हेंबरात पाहिले आहे. मी गप्प राहिलो. तोही चुकीचा सल्लाच होता की काय, हे मला ठाऊक नाही, आणि आता विचारण्यासारखे कोणी नाही.

यादी बंद झाली. तिच्या यादीत एकच नाव होते.

आज सकाळी ती प्रमाणपत्र घेण्यास शाळेत आली. प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी विद्यार्थ्याला ग्रंथालयातून एक चिठ्ठी न्यावी लागते, हे तुला आठवत असेल. घेतलेली सर्व पुस्तके परत झाली, असे ग्रंथपालाने सही करून द्यावयाचे. ती दिल्याशिवाय कचेरी कागद देत नाही, आणि त्या कागदाशिवाय तिला परदेशी नोकरीवर रुजू होता येत नाही.

मी तिचे पुस्तकांच्या नोंदीचे कार्ड काढले. चार वर्षांची पुस्तके, मागे-पुढे दोन्ही बाजूंना नेवेंकाचे अक्षर, शेवटी थोडे माझे. मी वरून खाली वाचत गेलो. एखादे तरी पुस्तक राहिले असावे, अशी माझी इच्छा होती. एक पुरले असते. मी पुन्हा वरून सुरुवात केली. प्रत्येक पुस्तकापुढे परतीची तारीख होती. बहुतेक मुदतीच्या आधीची.

मी विचारले, "तो मोजणीचा अहवाल?"

"फेब्रुवारीतच दिला सर. तुम्हीच तळघरात नेऊन ठेवलात."

"आणि कार्डावरचे अकरावे पुस्तक, ते लाकूडकामाचे?"

"तेही दिलं." मग ती हळूच म्हणाली, "सर, काही राहिलेलं नाही माझ्याकडे. मी घरी सगळं बघून आले. बस साडेअकराची आहे, आणि बाबा खाली गाडी चालू ठेवून उभे आहेत."

मी चिठ्ठी लिहिली. सही केली. तारीख आठवेना, ती तिनेच सांगितली.

विलिम